माफी मागायचीय तर आजच निघा: वहीपासून दारापर्यंत, एकेक पायरी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, मिरजेची रेल्वे बंद, आणि त्यातच मिरजेत माझी आत्या वारली. कोल्हापूर ते मिरज पन्नासेक किलोमीटर, एरवी तासा-सव्वातासाचं अंतर. मला मातीला जाता आलं नाही. चुलतभावानं व्हिडिओ कॉल लावला, त्यात छत्र्या तेवढ्या दिसल्या आणि मध्येच नेट गेलं.

आत्या मिशन हॉस्पिटलातनं नर्स म्हणून रिटायर झालेली, लग्न केलं नव्हतं, आम्हा भावंडांची फी बरीच वर्षं तिनंच भरली. २०१६ ला माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तिला पोचली आणि तिचा फोन आला की बायबलच्या वचनाचा आकडा चुकलाय, "प्रीती कधी अंतर देत नाही" हे १ करिंथ १३:८ आहे आणि तुम्ही १३:१८ छापलंय, तेराव्या अध्यायात वचनंच तेरा आहेत. पत्रिका वाटून झालेल्या, मंडपवाला समोर बसलेला, मी आधीच तापलेलो, मी म्हणालो, "आत्या, तुमचं लग्न झालं असतं तर तुम्हाला कळलं असतं लग्नघरात काय गडबड असते ते." ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. लग्नाला आली, आहेर केला, जेवली, गेली. पुढची तीन वर्षं मी म्हणत राहिलो की एकदा जाऊन बोलून येतो, नाताळला जातो, इस्टर झाला की जातो, मे मध्ये वर्कशॉपला सुट्टी असते तेव्हा नक्की जातो.

हे आधी सांगितलं कारण पुढं मी जे लिहिणाराय ते शहाणपणा म्हणून नाही, चुका करून शिकलेलं आहे. मी चर्चचा पाळक, म्हंजे धर्मगुरू, नाही. उद्यमनगरात लेथवर उभं राहून तीसेक वर्षं झाली. आणि आत्या गेली म्हणून लगेच सुधारलो असं पण नाही बरं का, त्यानंतर पण पाच वर्षं गेली.

याकोबाच्या पत्रात चौथ्या अध्यायात आयुष्याला वाफ म्हटलंय, थोडा वेळ दिसते आणि मग दिसेनाशी होते. ज्यानं गुऱ्हाळात काहिलीपुढं उभं राहून बघितलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पण त्याच्या आधीचं वचन लोक सोडून देतात. तिथं माणसं म्हणतायत, आज नाहीतर उद्या आम्ही अमक्या गावी जाऊ, तिथं वर्षभर धंदा करू. म्हंजे दोष प्लॅन करण्यात नाहीये, उद्या आपल्या खिशात आहे असं धरून चालण्यात आहे. माझं "मे मध्ये जातो" हे अगदी त्यातलंच होतं.

आज म्हंजे नेमकं किती

इथं बरेच जण गडबडतात. एकतर आयुष्यभराचं सगळं एका दिवसात निपटायला निघतात, रात्री अकरा वाजता चार जणांना रडून फोन करतात आणि सकाळी लाजतात. नाहीतर मग नुसती प्रार्थना करून मन हलकं झालं म्हणून झोपतात. आज म्हंजे एक नाव आणि एक फोन. बाकीचं काम महिनाभर चालेल, काही गोष्टींना वर्ष पण लागेल, पण सुरुवात आजच्या तारखेला झाली पाहिजे.

मत्तय ५:२३-२४ आपल्याला पाठ असतं. दान घेऊन वेदीजवळ आलास, तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे ऐकणारी माणसं गालीलातली होती आणि वेदी यरुशलेमात. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या वर, म्हंजे कोल्हापुरातनं साताऱ्याला चालत जायचं, तिथं पोचल्यावर आठवायचं, बकरं तिथंच बांधायचं, परत कोल्हापूरला चालत यायचं, समेट करायचा आणि पुन्हा सातारा. आठवड्याच्या वरचं काम. आणि आपल्याला राजारामपुरीतनं कसबा बावड्याला जायचं जिवावर येतं.

अजून एक बघा, तिथं "तुझ्या मनात" असं नाही, "भावाच्या मनात" असं आहे. मला काही वाटत नाही म्हणून विषय संपला, असं होत नाही.

वही

दोनशे पानी वही घ्या. मोबाईलच्या नोट्समध्ये करू नका, तिथं खोडायला फार सोपं जातं. चार रकाने आखा. पहिल्यात माणसाचं नाव. दुसऱ्यात मी काय केलं, आणि इथं फक्त क्रिया लिहायची, "खोटं बोललो", "पैसे दिले नाहीत", "चारचौघात अपमान केला", "वस्तू ठेवून घेतली". "कारण" हा शब्द त्या रकान्यात दिसला की ओळ खोडून परत लिहा. तिसऱ्यात त्यांचं काय गेलं: पैसे, अब्रू, काम, झोप, नातं. चौथ्यात मला काय परत देता येईल.

तिसरा रकाना सगळ्यात अवघड. आपण काय केलं ते आपल्याला आठवतं, समोरच्याला ते कितीला पडलं याचा आपण कधी हिशोब केलेला नसतो. मला पहिल्या ओळीच्या तिसऱ्या रकान्यालाच एक संध्याकाळ लागली.

नावं सुचत नसतील तर अशी आठवा: कोणाचा फोन आला की कट करावासा वाटतो, कोणाच्या घराच्या गल्लीतनं गाडी घालायचं टाळता, चर्चमध्ये कोण डाव्या बाजूला बसलं की तुम्ही उजवीकडं जाता. आमच्याकडं तर हे पिढीजात आहे. अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब कोल्हापुरात आले १८५२ ला, तेव्हापासूनची घराणी आहेत, आणि काही घरांत आजोबांच्या भांडणावरून नातवंडांचे बाक ठरलेत, नेमकं काय झालं होतं ते दोन्हीकडं कोणाला सांगता येत नाही.

यादी झाली की लावताना सोप्यापासून सुरू करायचं नाही. आधी वयस्कर आणि आजारी माणसं, मग ज्यांचे पैसे आहेत ती, मग बाकीची. हे मी आत्यामुळं सांगतोय.

आधी देवापाशी, पण तिथंच थांबायचं नाही

५१ वं स्तोत्र वाचा, १ योहान १:९ वाचा, आणि दुसऱ्या रकान्यातली ओळ मोठ्यानं वाचून कबूल करा. पाच मिनिटं पुरतात. कॅथलिक मंडळींत पापनिवेदनाला गेलं तर फादर चोरलेलं परत करायला सांगतातच, आम्हा प्रोटेस्टंटांना मात्र ही पळवाट फार आवडते की प्रभूनं क्षमा केली, आता माणसाकडं कशाला जायचं. जकातदार जक्कयाचं बघा ना. येशू त्याच्या घरी आला, आणि तो उभा राहून काय म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. तो "मला माफ करा" असं एकदासुद्धा म्हणत नाही. थेट हिशोबाचंच बोलतो.

हिशोब

पैशाचं असेल तर आकडा काढूनच जायचं. "तुझं किती होतंय सांग" असं विचारायचं नाही, कारण समोरचा संकोचानं "राहू दे" म्हणतो आणि आपण सुटलो म्हणून परत येतो.

शास्त्रात दोन मापं आहेत. लेवीय ६ आणि गणना ५ मध्ये, माणूस स्वतःहून कबूल करतोय तर पूर्ण मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. निर्गम २२ मध्ये मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर एकाला चार, बैलाला पाच. जक्कयानं स्वतःला चोराचं माप लावलं. मी पाचवा हिस्सा धरतो, तेवढी ऐपत आहे. म्हंजे १८,००० असतील तर वर ३,६००, एकूण २१,६००.

आपल्या कायद्यात उसन्या पैशाची साधारण तीन वर्षांत मुदत जाते, १९६३ च्या मुदत कायद्यानं, त्यानंतर कोर्टात दावा टिकत नाही. मला एकानं हे फार अभिमानानं सांगितलं होतं. दावा जातो, देणं जात नाही.

पैसे पाकिटात घालून हातात द्या. गुगल पे वर २१,६०० आले आणि खाली दोन हात जोडलेले, एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही. एकरकमी जमत नसेल तर हप्ता ठरवा आणि पहिला हप्ता सोबत न्या. वस्तू असेल तर तीच वस्तू, पुसून, चालू करून.

बोलायचं काय

चार वाक्यं, कागदावर लिहून, दोनदा म्हणून बघितलेली. उधळ्या मुलानं पण डुकरांपाशी बसून भाषण पाठ केलंच होतं की, लूक १५ मध्ये ते आहे, आणि घरी गेल्यावर बापानं शेवटचं वाक्य बोलूच दिलं नाही. पण पाठ केलं होतं म्हणून तर पहिली दोन तोंडातनं निघाली.

माझी चार वाक्यं अशी असतात. मी अमुक केलं. त्यामुळं तुझं अमुक गेलं. चूक माझी होती. हे घेऊन आलोय, आणि अजून काय करायला पाहिजे ते सांग. "मला माफ कर" हे मी शेवटी पण मागत नाही. त्याला द्यायची असेल तर तो देईल, मी मागितली की त्याच्यावर एक ओझं वाढतं, बिचारा घाईघाईनं "अरे केलं, केलं" म्हणतो आणि आतनं तसाच राहतो. यावर मतभेद होतील, आमच्या पाळकसाहेबांना हे पटत नाही, ते म्हणतात क्षमा मागणं हीच नम्रता. असेल. मी दारात भिकारी म्हणून जाण्यापेक्षा कर्जदार म्हणून जातो.

काही वाक्यं मात्र तोंडातनं जाऊच द्यायची नाहीत. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे सगळ्यात घाण, यात दोष त्याच्या वाटण्याला दिलाय. "झालं गेलं गंगेला मिळालं" हे म्हणायचा हक्क त्याला आहे, तुम्हाला नाही. "पण तू पण तेव्हा" इथपर्यंत आलात की सरळ परत फिरा. आणि "प्रभूनं मला तुझ्याकडं पाठवलंय" हे तर नकोच, त्यानं नाराज व्हायचं म्हटलं तरी देवावर व्हायचं का मग.

फोन, वेळ, जागा

फोन करून जा. न सांगता दारात उभं राहिलं की समोरच्याला पळायला जागा राहत नाही. फोनवर एवढंच: "पंधरा मिनिटं पाहिजेत, माझ्याकडून एक देणं राहिलंय." फोन उचलत नसेल तर चिठ्ठी पाठवा, हातानं लिहिलेली. वॉट्सअॅपवर दिवा-फुलाच्या फोटोवर क्षमेचं वचन टाकून स्टेटस ठेवणं म्हंजे माफी नव्हे, ते सगळ्यांनी बघितलंय आणि सगळ्यांना कळतं ते कोणासाठी आहे.

लग्नात, बारशात, मयताला, उपासना सुटल्यावर चर्चच्या दारात, असल्या ठिकाणी नको. त्याची जागा, त्याची वेळ. एकटं जा, मत्तय १८:१५ पण एकांतातच सुरू होतं. बायकोला गाडीवर बसवून नेलंत तर तो मोकळेपणानं चार शिव्या पण देऊ शकत नाही. चहा आला तर प्या. कोल्हापूर आहे, शिव्या देऊन पण चहा पाजतील.

माझ्या बाबतीत काय झालं

आता हे जरा सविस्तर सांगतो कारण यातच माझी पायऱ्यांची ऑर्डर चुकली होती.

२०१३ ला आमचं दोघांचं पार्टनरशिपमध्ये वर्कशॉप होतं. एका गिऱ्हाईकाचे पंपाचे बुश होते, १४० नग, रात्री मी सेटिंग केलं आणि बोअर, म्हंजे आतलं भोक, मोठा झाला. बाहेरचा व्यास मोठा राहिला तर परत टर्निंग करता येतं, बोअर मोठा झाला की जॉब गेला, माल परत भरता येत नाही. सकाळी गिऱ्हाईकाचे क्वालिटीचे साहेब आले, आणि मी त्यांना म्हणालो, रात्रपाळीला पार्टनर होता. मटेरियलचे १८,००० त्याच्या हिश्शातनं कापले. दोन महिन्यांत तो वेगळा झाला. जाताना त्याचा शून्य-पंचवीस मिलिमीटर मापायचा मायक्रोमीटर माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला, त्यानं मागितला, मी म्हणालो सापडत नाही. सापडत होता.

२०२४ ला फोन केला. "जॉब हाय काय?" तो म्हणाला. म्हटलं न्हाई, देणं हाय. "दोनला ये, जेवणाची सुट्टी असती." शिरोली एमआयडीसीत त्याचं आता स्वतःचं शेड आहे, चार मशीन. मी उभ्यानंच चार वाक्यं म्हटली. तो डब्याचं झाकण लावत होता. म्हणाला, "मला तेव्हाच म्हाईत हुतं की. सेटिंगच्या वहीत तुझं अक्षर हुतं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस.

"तू कधी सांगतोस ते बघत हुतो."

मी पाकीट पुढं केलं, ते त्यानं घेतलं नाही. मायक्रोमीटर मात्र घेतला. डबी उघडली, दोन्ही तोंडं फडक्यानं पुसली, हळू बंद केला, रॅचेट तीनदा कट-कट केलं आणि झिरो बघितला. "दोन घरं सरकलाय," म्हणाला. मिलिमीटरच्या शंभरातले दोन भाग, मग डबीतला बारका पाना काढून स्लीव्ह फिरवला, परत बंद करून बघितलं, परत जरासा फिरवला. हे सगळं होईपर्यंत एक शब्द नाही. मी आपला कूलंटचा वास घेत उभा. मग डबी बंद करून म्हणाला, "त्या साहेबाला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं.

"मग पैसे ठीव तुझ्याकडं. आधी त्येला सांग जा."

इथं मला माझी चूक कळली. बुशचं खोटं मी त्याच्याशी बोललो नव्हतो, त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोललो होतो. म्हंजे खोटं जिथवर गेलं तिथवर आपण चालत गेलं पाहिजे, आणि ती पायरी पैशाच्या आधीची आहे. अफवा असेल, चर्चच्या कमिटीत कोणाविषयी काही बोलला असाल, सोयरीक मोडेल असं काही कोणाच्या कानात घातलं असेल, तर ज्याच्या कानात घातलं त्याच्याकडं आधी. ग्रुपवर बोलला असाल तर त्याच ग्रुपवर, तेवढ्याच मोठ्या आवाजात.

साहेब रिटायर झालेत. पत्ता काढून गेलो. त्यांना आधी आठवेना, "कुठले बुश हो?" मग आठवलं आणि चेहरा उतरला, म्हणाले, "त्यानंतर दोन वेळा तो कोटेशन घेऊन आला होता, मी त्याला काम दिलं नाही." हे माझ्या तिसऱ्या रकान्यात नव्हतंच. त्यांनी माझ्यासमोरच त्याला फोन लावला.

पुढच्या आठवड्यात परत शिरोलीला गेलो तेव्हा त्यानं पाकीट मोजून घेतलं. वरचे ३,६०० कशाचे विचारलं. म्हटलं आमच्या शास्त्रात आहे, पाचवा हिस्सा वर द्यायचा. तो म्हणाला, "अकरा वर्षाला वीस टक्के? तुमच्या शास्त्रानं व्याज लै कमी लावलंय मर्दा." आणि पोराला चहा सांगितला.

दोस्ती परत झाली का, तर नाही. भेटलो की गाडी थांबवतो, एवढंच.

बहिणीचा हिस्सा

हे वेगळं लिहितोय कारण आपल्या घरांतल्या रुसव्यात हे फार असतं आणि यात नुसत्या रडण्याचा उपयोग नाही. आपल्यात पोरीला जमिनीत हिस्सा नसतो असं सांगून बहिणीकडनं हक्कसोडपत्रावर सह्या घेतलेले भाऊ मला माहीत आहेत, रविवारी पहिल्या बाकावर असतात. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. विधवेला एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश सगळ्या मुलांत सारखं, मुलगा-मुलगी फरक नाही.

अशा ठिकाणी राखीला साडी जास्त भारीतली घेऊन चालत नाही. जागा परत तिच्या नावे करायची तर नोंदणीकृत दस्त लागतो, नुसता नोटरीचा स्टॅम्प पेपर चालत नाही, मग सातबाऱ्यावर फेरफार किंवा सिटी सर्व्हेला प्रॉपर्टी कार्डावर नोंद. जागा विकून झाली असेल तर तिच्या हिश्शाचे पैसे. बहिणीकडं जायच्या आधी वकिलाकडनं कच्चा मसुदा करून घ्या आणि तो हातात घेऊन जा, तिच्या भावजयीला, म्हंजे आपल्या बायकोला, आधी सांगून.

कोर्टात केस चालू असेल तर वकिलाला न विचारता कबुलीची पत्रं लिहू नका, पण तडजोडीला लोकअदालत आहे. तिथला निवाडा अंतिम, अपील नाही, कोर्ट फी परत मिळते. मत्तय ५:२५ मध्ये येशू म्हणतोच, वादीबरोबर वाटेत आहेस तोवरच समेट कर. आता २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, म्हंजे भांडत राहायची सोय पण घराजवळ झालीय, पूर्वी मुंबईच्या खेपांना कंटाळून तरी लोक मिटवायचे.

जायचं नाही तिथं जाऊ नका

ज्या माणसाला तुम्ही मारलंय, छळलंय, आणि तो म्हणतोय परत तोंड दाखवू नको, तर दाखवू नका. तुमचं मन हलकं करायला त्याची जखम उघडायची नाही. लग्नाआधीचं कोणाचं मन दुखवलं म्हणून आता तिच्या सासरी फोन करणं हा मूर्खपणा आहे. पैसे असतील तर तिसऱ्या विश्वासू माणसाच्या हातून जाऊ द्या आणि गप्प राहा. आणि लहान मुलाच्या बाबतीत काही झालं असेल तर ते समेटाचं प्रकरणच नाही, २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळकांच्या केबिनमध्ये बसून मिटवायचं नाही.

नाहीच म्हणाला तर

रोम १२:१८ मध्ये पौलानं "शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं" असं मोजून लिहिलंय. तुमची बाजू संपली की संपली. परत परत दार वाजवायचं नाही, हप्ता ठरला असेल तो मात्र चुकवायचा नाही. आणि क्षमा मिळाली तरी लगेच सगळं मऊ होत नाही. ज्या भावांनी विकलं होतं त्यांनाच योसेफानं जवळ घेतलं, त्यानंतर याकोब मिसरात सतरा वर्षं जगला, आणि बाप गेल्या गेल्या भाऊ परत घाबरले की आता हा सूड घेणार. सतरा वर्षं एकत्र जेवून सुद्धा.

माणूसच राहिला नसेल तर

गणना ५:८ मध्ये याचा पण विचार केलाय. ज्याचं नुकसान केलं तो नसेल तर जवळच्या नातलगाला, आणि तोही नसेल तर ते परमेश्वराचं, याजकाकडं. म्हंजे वारस शोधायचा. वारस नसेल तर त्या माणसाला जे काम प्रिय होतं तिथं द्यायचं, पावतीवर स्वतःचं नाव न घालता. आणि शब्दाचं देणं असेल तर ज्यांनी तो शब्द ऐकला त्यांच्यापुढं तो मागं घ्यायचा.

आत्याचं मी तसंच केलं. मंडपवाल्याला भेटून सांगितलं, त्याला काही आठवत नव्हतं, हो हो म्हणाला. बायकोला आठवत होतं. मुलीला सांगितलं, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, ती बराच वेळ बोलली नाही. एका नर्सिंगच्या मुलीची एका वर्षाची फी भरली. मग लग्नाची उरलेली एक पत्रिका शोधली, १३:१८ मधल्या १८ चा एक्का पेनानं खोडला, खाली तारीख घातली आणि मिरजेला गेलो. आत्याचं पवित्र शास्त्र चुलतभावाकडं आहे, त्यात १ करिंथ १३ ला पत्रिका ठेवून यायची असं ठरवलं होतं.

पान काढलं तर तिथं आमचीच पत्रिका होती. तिला आलेली, पाकिटासकट. एक्का खोडलेला होता, हॉस्पिटलच्या चार्टवर खोडतात तशी एकच सरळ रेघ, आणि बाजूला बारीक अक्षरात तिची सही.

मी नेलेली पत्रिका परत खिशात घालून आलो.